ठोक्याने नेलेले निरोप

माणसं शब्दांनी जोडली जातात, असं थोर लोक सांगून गेले आहेत. कोणाच्या शब्दांनी, ते सांगायच्या आधीच ते गेले, त्यामुळे पुढची सगळी जबाबदारी ‘चौथी खिडकी’ या बँडच्या ड्रमरवर येऊन पडली.

ड्रमरला सगळे ठोक्या म्हणत. हे नाव बँडमध्ये पडलं असावं असा लोकांचा समज होता. खरं तर ते त्याच्या थोरल्या भावाने ठेवलं होतं. दादाचं सोफा दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि ठोक्या सोळाव्या वर्षापासून तिथे खिळे ठोकत होता. पुढे तो ड्रम वाजवायला लागला तेव्हा दादाचं म्हणणं पडलं की धंदा तोच आहे, फक्त गिऱ्हाईक बदललं. दादा-वहिनींच्या घरातली मागची खोली ठोक्याची होती. म्हणजे खोली वहिनींच्या शिलाई मशीनची, जास्तीच्या गाद्यांची आणि दादाच्या मोडक्या सायकलची होती; ठोक्या तिथे झोपत असे. आई-वडील गेल्यावर तो ‘थोडे दिवस’ म्हणून आला होता, त्याला अकरा वर्षं झाली. त्याला कधी कोणी जा म्हटलं नाही. मात्र तो कुठल्याही खोलीत शिरला की समोरचं माणूस काहीतरी उचलून त्याला जागा करून देई. वहिनी कापडं उचलत, दादा पाय उचलून घेई. ही करून दिलेली जागा ठोक्याला बसल्यावर टोचत असे.

बँडमध्ये तसं नव्हतं. स्टेजवर सगळ्यात आधी ड्रम मांडतात आणि एकदा मांडले की ते कोणासाठी सरकत नाहीत. बाकीचे आपापली जागा त्याच्या हिशेबाने शोधतात. एवढ्या एका गोष्टीसाठी ठोक्याने काय काय केलं, त्याची ही हकीकत आहे.

चौघं कॉलेजात फी भरायच्या रांगेत भेटली. रांग चार नंबरच्या खिडकीसमोर होती. खिडकी शेवटपर्यंत उघडली नाही, बँड तेवढा निघाला. गाणारा तो चिकणा. तो इतका देखणा होता की त्याच्या शेजारी उभं राहिलेलं माणूस फोटोत आहे की नाही, हे दोनदा बघावं लागे. गिटार वाजवणारा आणि गाणी रचणारा मास्तर. त्याचे वडील गणित शिकवत, आणि त्याला स्वतःलाही दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक काढल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. बास गिटार वाजवणारी चिकण्याची थोरली बहीण होती. तिला सगळेच ताई म्हणत, जरी तिला एकच भाऊ पुरेसा आणि थोडा जास्तच वाटत होता. कार्यक्रमांची वही, गाडीची किल्ली आणि अक्कल या तिन्ही गोष्टी ताईकडे असत.

सराव रविवारी, वर्कशॉपला सुट्टी असताना. भिंतींना फोमचे ठोकळे लावून ठेवलेले असायचे, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही त्यांच्या संगीताची सर्वात मोठी जमेची बाजू होती. कोपऱ्यात बसायला खुर्च्या होत्या. दुरुस्तीला टाकून लोक विसरून गेलेल्या. मास्तरची एका हाताची, उंच पाठीची. चिकण्याची सलूनमधली गोल फिरणारी. फक्त समोर आरसा नव्हता.

‘जिन्यात भेट’ हे त्यांचं पहिलं गाणं तीन महिन्यांत चपलांच्या दुकानांपासून दाताच्या दवाखान्यांपर्यंत सगळीकडे वाजायला लागलं. पोरी चिकण्यासारखे केस कापणाऱ्या पोरांच्या प्रेमात पडू लागल्या. एका कंपनीने करार केला. दादाला गिऱ्हाइकं विचारू लागली, तो ड्रमवाला तुमचा भाऊ का हो? दादा म्हणे, हो, पण इथे रेक्झिन त्याला अजून सरळ ताणता येत नाही.

कीर्तीचं आणि नारळाच्या झाडाचं एकच आहे. वर गेल्यावर बसायला दोघांसाठी जागा नसते. दुसऱ्या वर्षी कंपनीने मोठं पोस्टर छापलं. त्यात चिकणा पूर्ण आला, ताई अर्धी आली, ठोक्याच्या हातातल्या काठ्या आल्या आणि मास्तरचं फक्त कोपर आलं. मास्तरच्या आईने तरीही ते दिवाणखान्यात लावलं आणि आल्यागेल्याला कोपर दाखवू लागली. मास्तरने चिकण्याला विचारलं, तुला आधी दाखवलं होतं का हे? चिकणा हसून म्हणाला, कोपर ओळखू येतंय की. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

बोलणं थांबलं तरी कार्यक्रम ठरलेले होते. तेव्हा निरोपांची पद्धत पडली. स्टेजवर ठोक्या दोघांच्या बरोब्बर मध्ये, पाठीमागे बसे. त्याला सांग, पुढचं गाणं एक पट्टी खाली घे, असं मास्तर चिकण्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ठोक्याला सांगे. चिकणा ते ऐकून ठोक्या सांगेपर्यंत थांबे. दोन हातांवरच्या माणसाला निरोप पोचवायला तिसरा लागतो, हे ठोक्याला सुरुवातीला गमतीचं वाटलं. पुढे निरोप संगीत सोडून वाढू लागले. मास्तर म्हणाला, त्याला सांग की नुसता चेहरा असेल तर माणसाने बिस्किटाच्या पुड्यावर जावं. ठोक्याने ते इमानेइतबारे जसंच्या तसं पोचवलं. उत्तरात जे आलं तेही नेलं. निरोप्याला मार नसतो म्हणतात. असं म्हणणारा कधी निरोप घेऊन गेला नसावा. महिन्याभरात बँड मोडला.

आठ महिने ठोक्या पूर्णवेळ वर्कशॉपमध्ये. जुनं कापड फाडायचं, गंजलेले खिळे पकडीने उपसायचे, पट्टे ताणायचे, फोम कापायचा. सोफ्यांच्या पोटात लोकांच्या हरवलेल्या वस्तू सापडत. कंगवे, पेनांची टोपणं, एकदा तर लग्नाचं बोलावणं, ज्याची तारीख बारा वर्षांपूर्वी होऊन गेली होती. घरी आला की वहिनी कापडं उचलून त्याला जागा करून देत. एका सकाळी तो चिकण्याकडे गेला आणि मास्तरला काय सांगू म्हणून विचारलं. चिकणा म्हणाला, सांग त्याला, त्याच्यापेक्षा मी मिक्सरबरोबर गाईन.

तो निरोप घेऊन ठोक्या मास्तरच्या दारात उभा राहिला. आत मास्तर सात मुलांची शिकवणी घेत होता. त्याने खडू ठेवला आणि विचारलं, “काय म्हणतोय तो?”

ठोक्याने काही ठरवलेलं नव्हतं. पण मास्तरच्या बोटांना खडू लागलेला होता, आणि त्या बोटांना तारांचे घट्टे होते ते मऊ पडलेले दिसत होते. “म्हणाला, माझं चुकलं,” ठोक्या म्हणाला. “पण तोंडाने म्हणवत नाही.”

मास्तरने चष्मा काढून पुसला. मग तो बराच वेळ चष्माच पुसत राहिला. जाताना ठोक्याने एक अट घातली: हा विषय त्याच्यापुढे काढायचा नाही, तो शरमेल. मास्तर म्हणाला, छे, मी कशाला काढू, माझं मन तसं मोठं आहे. त्याच दुपारी चिकण्याकडे तीच माफी, तीच अट. चिकण्याचंही मन मोठं निघालं. दोघं पुन्हा एका स्टेजवर आले आणि एकमेकांकडे आपण माफ केलेल्या माणसाकडे बघतात तसं बघू लागले. माफ केलेला माणूस फारसा त्रास देत नाही. पुढची दोन वर्षं बँड इतका छान चालला की ठोक्याला आपण खोटं बोललो होतो याचा विसर पडला.

दुसरी फाटाफूट जास्त सभ्य होती, म्हणून जास्त लांबली. कंपनीने चिकण्याला बाजूला घेऊन सांगितलं की तू एकटा पुरेसा आहेस. हे वाक्य ऐकून नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्याने एकट्याने गाणी काढली. मास्तरने एका मासिकात मुलाखत दिली की गाण्याला गळा लागतो हे खरं, पण डोकंही लागतं आणि ते भाड्याने मिळत नाही. चिकण्याचा चेहरा चालला, गाणी बसली. ताई एका दवाखान्यात नाव नोंदवायच्या टेबलावर बसायला लागली. तिथे लोक निदान कुठे दुखतंय ते सरळ सांगतात, असं ती म्हणे.

या वेळी दीड वर्ष गेलं. दादाकडे हॉटेलच्या चाळीस खुर्च्यांचं काम आलं आणि जागा पुरेना. तो कोपरा मोकळा कर, दादा दर आठवड्याला सांगे. ठोक्याने स्वतःचं स्टूल उचललं, ताईची खुर्ची उचलली. उरलेल्या दोन खुर्च्यांना तो ‘उचलतो’ म्हणे आणि तशाच ठेवी. त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून त्याने फाटक्या चादरीचा तुकडा टाकला होता. एकदा वहिनी दादाला डबा द्यायला आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, कोणी यायचंय का?”

“नाही.”

“मग?”

“असू दे,” ठोक्या म्हणाला.

पुन्हा निरोप न्यायची वेळ आली तेव्हा नुसती माफी चालणार नव्हती. ती एकदा वापरून झाली होती, आणि माफीचं कापडासारखं आहे. उलटं करून दुसऱ्यांदा लावलं की आधीच्या खिळ्यांची भोकं दिसतात. या वेळी तो दोघांपैकी कोणाला विचारायलाही गेला नाही. सरळ मास्तरच्या दारात गेला. शिकवणीला आता अकरा मुलं होती. मास्तर म्हणाला, आता काय?

“तो म्हणाला,” ठोक्या म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, “तुझी खुर्ची अजून मी उचलली नाही.”

मास्तर कवी असल्यामुळे कुठली खुर्ची, असं त्याने विचारलं नाही. साध्या माणसाने विचारलं असतं आणि सगळं तिथेच निस्तरलं असतं. मास्तरने मुलांना सुट्टी दिली आणि दार लावून घेतलं.

तिथून चिकण्याच्या घरापर्यंत बसचे नऊ थांबे होते. नऊही थांबे ठोक्या दुसरं वाक्य शोधत होता. पण वाक्यं काही खिळ्यांसारखी किलोवर मिळत नाहीत. शेवटच्या थांब्यावर त्याला जे हाती होतं तेच आठवलं. एकच कव्हर दोन खुर्च्यांना बसवायचं नसतं, हे त्याला पंधरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं, तरी त्याने बसवलं. चिकणा बिछान्यावर आडवा पडून छताकडे बघत होता. वाक्य ऐकल्यावर तो उठून बसला.

“मास्तर असं म्हणाला?”

“हो.”

“वाटलंच,” चिकणा म्हणाला. “असलं दुसऱ्या कोणाला सुचायचं नाही.”

ठोक्या पुन्हा हो म्हणाला. हे दुसरं हो पहिल्यापेक्षा जरा जड गेलं.

आठ दिवसांत मास्तरने त्या वाक्यावर गाणं रचलं. मित्राने आपल्याला दिलेल्या शब्दांना दिलेलं उत्तर, असं त्याच्या मनात होतं. चिकण्याने गाण्याचा कागद हातात घेतला आणि त्याला वाटलं, मास्तरने आपल्याला सांगितलेलं वाक्य आता सगळ्या जगासमोर सांगितलं. रेकॉर्डिंगला तो तिसऱ्या ओळीवर रडला. साउंडवाला म्हणाला, पुन्हा घेऊ. ताई म्हणाली, राहू दे. तेच ठेवलं गेलं.

ते गाणं एवढं चाललं की आधीचं सगळं चाललं होतं असं म्हणायची लाज वाटावी. ओळ कपांवर छापली गेली, लोकांनी ती गेलेल्या माणसांच्या फोटोखाली लिहिली, फर्निचरच्या एका दुकानाने पाटीवर लावली आणि निवडणूक हरलेल्या एका पुढाऱ्याने भाषणात स्वतःबद्दल वापरली. कंपनीने सगळीकडे छापून आणलं की हा एका मित्राचा मित्राला निरोप आहे. कोणत्या मित्राचा, असं मुलाखतीत विचारलं की चिकणा मास्तरकडे बघे, मास्तर चिकण्याकडे बघे, आणि दोघं विषय न काढण्याचा जुना शब्द पाळत गोड हसत. लोकांना ते फार आवडे. ठोक्याला विचारलं तर तो म्हणे, मी फक्त ठोकतो.

गाण्यात त्या ओळीला ड्रम नव्हते. मास्तरने मुद्दाम तिथे शांतता ठेवली होती. त्यामुळे दर कार्यक्रमात त्या क्षणी ठोक्या काठ्या मांडीवर ठेवून बसे आणि आठ-दहा हजार माणसं त्याचं वाक्य त्याच्याकडे न बघता म्हणत. घरी वहिनी मशीनवर बसून तेच गुणगुणत. एकदा पायडल थांबवून म्हणाल्या, ज्याने हे लिहिलं त्याचं कोणीतरी गेलेलं असणार.

“तसं काही नसेल,” ठोक्या म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत?” वहिनी म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

आता एवढं सगळं सुखाने चालू असताना जगबुडी व्हायला जे लागतं ते झालं: एक फॉर्म आला. गाण्याची नोंदणी करायची राहून गेली होती. त्यात संगीतकार, गीतकार आणि सह्या असे रकाने होते. मास्तर गणितवाल्याचा मुलगा. त्याने लिहिलं, अंतरे माझे, मुख्य ओळ चिकण्याची, आणि फॉर्म ठोक्याच्या हाती सहीला पाठवला. चिकण्याने तो वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. स्वतःचं वाक्य माझ्या नावावर करून मला दान देतोय काय हा? त्याने आपलं नाव खोडलं, मास्तरचं लिहिलं आणि परत पाठवलं. मास्तर म्हणाला, म्हणजे मी दुसऱ्याचे शब्द चोरणारा, असं याला सुचवायचंय. पुन्हा खोडलं.

गाणं माझं म्हणून भांडणारे पुष्कळ होऊन गेले. माझं नाही म्हणून एकमेकांच्या उरावर बसणारे हे पहिलेच. ठोक्या तो फॉर्म घेऊन चार वेळा इकडून तिकडे गेला. दरवेळी वाटेत निरोप मऊ केला. तो म्हणतोय घाई नाही. तो म्हणतोय तू म्हणशील तसं. पण कागदावरची खोडाखोड मऊ करता येत नाही. पाचव्या फेरीला मास्तरने पुढचा कार्यक्रम रद्द करायला सांगितला आणि चिकण्याने त्याच्या आधीच केला होता.

तेव्हा ताई उठली. रविवारी दुपारी तिने तिघांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. शटर खाली ओढलं आणि नवीन पट्टे मारलेल्या पण अजून कापड न लावलेल्या तीन बैठकींच्या सोफ्यावर दोघांना बसवलं. ठोक्या सवयीने मध्ये बसायला गेला. ताईने त्याला हाताने थांबवलं आणि फोमच्या ठोकळ्यावर बसायला सांगितलं.

“आता समोरासमोर बोला,” ती म्हणाली. “ठोक्या, तू गप्प.”

दोघांना एकमेकांशी बोलायची सवय राहिली नव्हती. मास्तर सोफ्याच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाला, “जे माझं नाही त्यावर मी सही करणार नाही. तू म्हणालास, तुझं नाव.”

“मी कधी म्हणालो?”

“याच्याजवळ म्हणालास. हा माझ्या दारात येऊन सांगून गेला.”

“अरे, हा माझ्या घरी येऊन सांगून गेला की तू म्हणालास.”

ताईने मान न वळवता विचारलं, “ठोक्या?”

आजवर त्याने जिथे जिथे खोटं सांगितलं होतं तिथे त्याला वाक्य सुचलं होतं. आत्ता सुचेना. “मीच म्हणालो,” तो म्हणाला. “खुर्च्या मी उचलल्या नव्हत्या. दादा उचल म्हणत होता.”

“आणि कोपराच्या वेळची माफी?” मास्तरने विचारलं.

“तीपण.”

“मग हा खरं काय म्हणाला होता?”

ठोक्याने ताईकडे बघितलं. ती बघत नव्हती. “म्हणाला, त्याच्यापेक्षा मिक्सरबरोबर गाईन.”

मास्तर चिकण्याकडे वळला. “मिक्सर?”

“तू बिस्किटाचा पुडा म्हणाला होतास. ते खरं का?”

“ते खरं.”

आधी चिकणा हसला, मग मास्तर. सोफ्याचे पट्टे दोघांखाली करकरले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एका गोष्टीवर हसत होते. ठोक्याही हसला, पण त्याचं हसणं अर्धा ठोका उशिरा आलं. ड्रमरच्या आयुष्यात याच्याइतकी वाईट गोष्ट नसते.

“म्हणजे मी कधी माफी मागितलीच नाही,” चिकणा म्हणाला. ओझं उतरवून ठेवल्यासारखा त्याचा आवाज झाला होता.

“मीही नाही,” मास्तर म्हणाला. “मला वाटतच होतं, मी असं करायचो नाही.”

माणसाला आपण चुकलो नाही हे कळल्यावर जितकं प्रेम दाटून येतं तितकं दुसऱ्या कशाने येत नाही. त्या प्रेमाच्या भरात दोघांनी मिळून ठोक्याकडे बघितलं. चिकणा म्हणाला, सहा वर्षं तू आमच्या तोंडात शब्द घातलेस. मास्तर म्हणाला, प्रश्न विश्वासाचा आहे. कोणावर तरी मिळून रागवायला मिळालं की मैत्री पक्की होते; दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करत होते, आणि ती फार चांगली वाक्यं होती. ते शब्द लोक तोंडपाठ म्हणतात, असं ठोक्याच्या जिभेवर आलं होतं. पण त्याला शब्द नको होते.

“पुढच्या रविवारी प्रॅक्टिस आहे ना?” त्याने विचारलं.

ताई म्हणाली, “थोडे दिवस थांब.”

थोडे दिवस म्हणजे किती, हे ठोक्याला अनुभवाने माहीत होतं. तो उठला आणि त्यांच्यासाठी शटर वर करून दिलं.

फॉर्मचा प्रश्न उरला. ठोक्याचं नाव टाकलं तर कंपनीने छापलेल्या त्या निरोपाच्या गोष्टीचं काय करायचं? लोक हसतील, कप परत येतील. मास्तरचा प्रामाणिकपणा इथवर चालत आला आणि दमला. त्याने संगीताच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं आणि खालचा गीतकाराचा रकाना, अंतरे आपले असूनही, मोकळा सोडला. ताई फॉर्म घेऊन नोंदणी कार्यालयात गेली. रकाना मोकळा चालत नाही, असं तिथला कारकून म्हणाला. मग त्याने समजावलं की शब्द कोणाचेच नसले तर तशी सोय आहे, त्या चौकोनात खूण करा. ताईने पेन हातात धरून मिनिटभर विचार केला, असं तिने नंतर कोणाजवळ तरी सांगितलं. मागे रांग होती.

ड्रमच्या जागी मशीन आलं. ते वेळ चुकत नसे आणि निरोप नेत नसे. पहिले तीन महिने चिकणा आणि मास्तर एकमेकांशी थेट बोलत आणि फार आनंदात होते. चौथ्या महिन्यात थेट बोलण्याचे परिणाम दिसू लागले. मिक्सर आणि बिस्किटाचा पुडा हे शब्द पुन्हा आले, या वेळी तोंडावर आणि कोणीही मऊ न केलेले. पाचव्या महिन्यात बँड मोडला. चिकणा सकाळ-संध्याकाळ खिडकीत उभा राहून रस्ता बघे, असं ताईने दवाखान्यात सहकाऱ्यांना सांगितलं. मास्तरच्या शिकवणीत दार वाजलं की तो खडू खाली ठेवी. दोघंही कोणीतरी येऊन काहीतरी सांगेल म्हणून थांबले होते. आपण जाऊन सांगावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. त्यांच्यासाठी आजवर ते दुसराच कोणीतरी सुचवत आला होता.

ठोक्या मात्र गेला नाही. एकदा बसच्या थांब्यापर्यंत जाऊन आला. काय सांगायचं ते त्याला माहीत होतं. पण आता त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर दोघांनीही, हे कोणाचं, असं विचारलं असतं. कोपऱ्यातल्या त्या दोन खुर्च्या त्याने एके दिवशी उचलून दादाच्या हाती दिल्या. दादाने त्यांना नवीन रेक्झिन लावून त्याच हॉटेलच्या नव्या कामात खपवल्या. याही वेळी चाळीस मागितल्या होत्या, अडतीसच भरत होत्या.

कागदोपत्री बँडचा पत्ता वर्कशॉपचाच होता. त्यामुळे नोंदणीचं पत्र तिथे आलं. ठोक्या एका दिवाणाखाली उताणा पडून पट्टे मारत होता आणि त्याच्या ओठांत सात-आठ खिळे धरलेले होते. पाकीट डबा घेऊन आलेल्या वहिनींनीच फोडलं. गाण्याचं नाव बघून त्या खूश झाल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. संगीतकार म्हणून मास्तरचं पूर्ण नाव, गायक म्हणून चिकण्याचं. मग त्या थांबल्या.

“गीतकार, पारंपरिक,” त्या म्हणाल्या. “म्हणजे काय हो भाऊजी? जुनंच आहे का हे? मला वाटलं नवीन आहे.”

तोंडात खिळे असल्यामुळे ठोक्याला बोलता आलं नाही. वहिनींनी कागद त्याला दिसेल असा वाकून धरला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की या नोंदीबाबत कोणाची हरकत असल्यास पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी. पत्राच्या तारखेला सत्तेचाळीस दिवस झाले होते.